सहावीच्या आधीचा उन्हाळा

मे महिन्याच्या शेवटी लेकीची पाचवी संपली आणि दप्तरातून एक कागद घरी आला. ओहायोतल्या आमच्या छोट्या गावात पाचवीपर्यंत प्राथमिक शाळा आणि सहावी ते आठवी मिडल स्कूल. म्हणजे ऑगस्टमध्ये ती नव्या इमारतीत, नव्या शिक्षकांकडे जाणार. कागदावर वीसेक पुस्तकांची नावं होती आणि खाली दोन ओळी: यातली कुठलीही दोन सुट्टीत वाचा, आणि तिसरं यादीबाहेरचं, तुमच्या मनाचं. प्रश्नोत्तरं नाहीत, सारांश लिहायचा नाही. शाळा उघडली की आवडलेल्या एका पुस्तकाबद्दल वर्गात बोलायचं, एवढंच.

मला माझा तोच उन्हाळा आठवला. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीपासून तालुक्याला, 14 किलोमीटर, यष्टीने. चौथीची परीक्षा झाली तशी कुणाच्या तरी मोठ्या भावाची इंग्रजीची जुनी पुस्तकं हातात आली आणि सुट्टी एबीसीडी गिरवण्यात गेली. गोष्टीचं पुस्तक कुणी दिलं नाही, कारण गावात ते कुणाच्या घरी नव्हतंच. शाळेत काचेचं एक कपाट होतं. त्याला कुलूप. पोरं पुस्तकं फाडतील म्हणून ते उघडत नसत. लाल पुठ्ठ्याचं एक पुस्तक काचेतून दिसायचं. चार वर्षं मी त्याचं नाव वाचत राहिले, आतलं पान एकदाही नाही.

इथली लायब्ररी घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. जुनी दगडी इमारत, कार्नेगींच्या देणगीतून उभी राहिलेली. अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या कारखानदाराच्या पैशातून अमेरिकेत अशी 1,689 ग्रंथालयं झाली. पण त्यांची अट होती: जागा गावाने द्यायची, आणि इमारतीला जेवढे पैसे मिळाले त्याच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवायला स्वतः उभी करायची. ही अट मला देणगीपेक्षाही मोठी वाटते. नुसती इमारत मिळाली असती तर तिलाही एक दिवस कुलूप लागलं असतं.

जूनमध्ये तिथे मुलांची नावनोंदणी होते. वाचलेल्या पुस्तकांची नावं कार्डावर लिहायची, कार्ड भरलं की एक पुस्तक कायमचं घरी न्यायला मिळतं. उशीर झाला तरी मुलांना दंड नाही. पूर्वी होता, पण दंडाच्या भीतीने ज्या मुलांनी यायला हवं तीच यायची थांबतात, म्हणून बंद केला. लेकीला तिथल्या बाईंनी पाच बोटांची युक्ती शिकवली. मधलंच कुठलंही पान उघडायचं आणि न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपण्याआधी पाचही बोटं मिटली, तर पुस्तक सध्या जड आहे, थोडं थांबायचं.

या सुट्टीतल्या वाचनाने खरंच काही होतं का? यावर एक जुना आणि नावाजलेला अभ्यास आहे. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या जवळजवळ 3,000 मुलांची पाहणी केली आणि 1978 साली ती प्रसिद्ध केली. उन्हाळ्यात किती पुस्तकं वाचली आणि ग्रंथालयात जाणं होतं का, याचा मुलांच्या शब्दसंग्रहाशी सरळ संबंध दिसला. आणि मूल ग्रंथालयात जातं की नाही हे बरंचसं कशावर अवलंबून होतं? ग्रंथालय घरापासून किती लांब आहे, यावर. हे वाचलं तेव्हा मला आमची यष्टी आठवली. सुट्टीत तालुक्याला जायचं म्हणजे बाजाराचा दिवस हवा, बाबांना वेळ हवा, तिकिटाचे पैसे हवेत. दहा वर्षांच्या मुलीच्या पुस्तकासाठी तेवढा खटाटोप कोण करणार होतं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गावी पोचलो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरला होता, पण पाऊस नव्हता. दादाचं वावर वखरून तयार, सरकीच्या थैल्या घरात आणून ठेवलेल्या, आणि सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे भाचा घरीच होता. त्याची चौथी झाली होती. आता पाचवीला तो तालुक्याला जाणार, माझ्यासारखाच. दुपारी दार लोटून, कुलरसमोर सतरंजी टाकून लेक तिचं पुस्तक घेऊन बसली, तर आई म्हणाली, "हे काय व माय, सुटीतबी अभ्यास?" लेकीने तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं की हा अभ्यास नाही, गोष्ट आहे. तसा भाचा सरकून जवळ आला. त्याच्याकडे वाचायला होतं ते नवोदयच्या परीक्षेचं गाईड.

मी त्याला विचारलं, तुला कशाबद्दल वाचावंसं वाटतं? कुणी कधी विचारलंच नव्हतं बहुतेक, कारण तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या चालत गेलेल्या वाघाबद्दल हाय का काही?" 2019 साली आमच्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि वावरं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हे कळलं. त्या रात्री गच्चीवर, जिथे नेटवर्क येतं तिथे बसून मी मिळेल ती माहिती शोधली, वहीत मोठ्या अक्षरात उतरवली आणि दुसऱ्या दुपारी दोघांना वाचून दाखवली. भाच्याने ती वही पुढे स्वतः तीनदा वाचली.

मूल मोठ्या शाळेत जायला लागलं की आपण त्याला वाचून दाखवायचं सोडून देतो. आता मोठा झाला, स्वतः वाच म्हणतो. नेमक्या याच वयात पुस्तकातली चित्रं कमी होतात, ओळी दाट होतात, आणि ज्याला वाचायची गोडी लागत होती तो तिथे अडतो. म्हणून या दोन-तीन वर्षांत तर रोज वाचून दाखवावं असं मला कळकळीने वाटतं. पहिली चार पानं मोठ्याने वाचा आणि पुस्तक तिथेच उघडं ठेवून चहा करायला उठा. पोरगं ते उचलतं.

पैसे लागतातच असं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी मोफत आहेत. मी गच्चीवर किशोरचे वीस अंक उतरवून घेतले. दुपारी भाचा ते लेकीला वाचून दाखवायचा. ती अडखळत ऐकायची, शब्द विचारायची, आणि त्याला समजावून सांगावं लागायचं. बदल्यात ती तिच्या यादीतलं इंग्रजी पुस्तक हळूहळू वाचायची. लाइट गेली की दोघं बाज उचलून निंबाखाली.

तरी हातात धरायचं पुस्तक ते वेगळंच. निघायच्या आठवड्यात दादाला घेऊन यवतमाळला गेले आणि चाळीस पुस्तकं आणली. भाच्याने वाघांचं एक जाड पुस्तक उचललं. मी पाच बोटांची युक्ती सांगितली होती. त्याने दुकानातच पान उघडलं, अर्ध्यावर मूठ मिटली आणि मूठ तशीच धरून म्हणाला, "पण आत्या, मले हेच पाह्यजे." मी घेतलं. बोटांचा नियम चांगला आहे, पण पोराची ओढ त्याच्यापेक्षा मोठी.

बाबांची पत्र्याची जुनी पेटी ओसरीवर ठेवली, कोयंडा काढून टाकला. वर दोरीने वही बांधली: नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख. गल्लीतली पोरं पहिल्या दिवशी नुसती बघून गेली. दुसऱ्या दिवशी सहा पुस्तकं गेली.

आता इकडे सप्टेंबर. लेकीने वर्गात यादीतल्या पुस्तकाऐवजी त्या वाघाची गोष्ट सांगितली, आणि शिक्षिकेने नकाशा काढायला लावला. परवा दादाने वहीच्या पानांचा फोटो पाठवला, 31 नोंदी. शेवटून दुसरी आईच्या नावाची आहे, भाच्याच्या अक्षरात. तो रविवारी तिला वाचून दाखवतो. दादाला काळजी एकच, वाघाचं पुस्तक शेजारच्या वाडीवरच्या पोराने नेलं ते महिना झाला परत आलं नाही. "जाऊन घेऊन येऊ का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नको रे दादा. जायचंच असेल तर आणखी एक घेऊन जा त्याच्यासाठी.