ड्रॅगन म्हणजे पावशा

आधीच सांगून ठेवतो, यात जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या अ साँग ऑफ आइस अँड फायरच्या पाचही पुस्तकांतले स्पॉयलर आहेत, त्यामुळे ज्यांनी फक्त गेम ऑफ थ्रोन्स सिरियल बघितली आणि पुस्तकं वाचायचं ठरवलंय त्यांनी इथेच थांबा.

या सिरीजवरच्या निम्म्या फॅन थिअऱ्या कोण कोणाचा पोरगा आहे यावर असतात आणि त्यात मला खरंच फार रस नाही. मला पहिल्या वाचनापासून एकच प्रश्न छळतो, की जादू परत का आली? शेदीडशे वर्षं सगळं शांत होतं, मेस्टर लोक, म्हणजे तिथले विद्वान, जादूला थोतांड म्हणून मोकळे झाले होते, आणि अचानक पहिल्या पुस्तकापासून सगळीकडून एकदम जादू उगवायला लागते. असं का?

बहुतेक फॅन्सचं उत्तर ठरलेलं आहे: ड्रॅगन जन्मले म्हणून. माझा कॉलेजपासूनचा मित्र याच पार्टीचा आहे आणि नवतपा सुरू असताना कूलरसमोर बसून आमचं यावर इतकं वाजलं की शेवटी त्याच्या आईने येऊन आवाज कमी करायला सांगितलं. त्याची बाजू कच्ची नाहीये हे मान्य करतो. दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे 1998 च्या अ क्लॅश ऑफ किंग्जमध्ये, वाइल्डफायर नावाचं जहाल जळणारं द्रव बनवणारा तो म्हातारा हॅलाइन टिरियनला येऊन सांगतो की माल अपेक्षेपेक्षा कितीतरी भराभर तयार होतोय, आणि मग हळूच विचारतो की कुठे ड्रॅगन वगैरे दिसल्याची बातमी आहे का, कारण त्याच्या गुरूने त्याला सांगून ठेवलं होतं की ड्रॅगन गेल्यापासून मंत्रांची ताकद कमी झाली. तिकडे पूर्वेच्या कार्थ शहरात एक जादूगार आगीची शिडी उभी करून वर चढतो आणि क्वेथ नावाची मुखवटा घातलेली बाई डेनेरिसला, म्हणजे टार्गेरियन राजघराण्यातल्या ड्रॅगनवाल्या राजकन्येला, सांगते की सहा महिन्यांपूर्वी याला साधी आग धड जागी करता येत नव्हती, हे तुझ्यामुळे झालं. चौथ्या पुस्तकात सिटाडेलमधली, म्हणजे मेस्टरांच्या विद्यापीठातली, जादूची काचेची मेणबत्ती पेटलीय. तो म्हणे, "अजून काय पुरावा पाहिजे बे तुला? लेखक स्वतः लिहून देऊन राहिला ना."

लेखक नाही रे लिहून देत, पात्रं बोलतात, आणि पात्रांना त्यांच्या डोळ्यासमोर जे दिसतं तेवढंच कळतं, हॅलाइनला बिचाऱ्याला उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते कुठे माहीत आहे. मी म्हणतो जरा क्रम बघा. डेनेरिसचे ड्रॅगन पहिल्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या चॅप्टरमध्ये, तिच्या नवऱ्याच्या, ड्रोगोच्या, चितेत जन्मतात. आणि पुस्तक सुरू कुठून होतं? प्रोलॉगमध्ये अदर्स, म्हणजे भिंतीपलीकडची बर्फाची भुतं, आलेले आहेत, मेलेला माणूस उठून उभा राहतो. पहिल्याच चॅप्टरमध्ये भिंतीच्या दक्षिणेला डायरवुल्फ, म्हणजे राक्षसी लांडगी, सापडते, जी दोनशे वर्षांत कोणी बघितली नव्हती. स्टार्कांच्या लहानग्या ब्रॅनला जादूची स्वप्नं पडायला लागतात. भिंतीवरच्या कॅसल ब्लॅक किल्ल्यात प्रेत उठून तिथल्या सेनापती मॉरमॉंटवर हल्ला करतं. मिरी माझ डूर नावाची चेटकीण रक्ताची जादू करून ड्रोगोचा श्वास चालू ठेवते, ते कसंही ठेवते पण ठेवते. आणि सगळ्यात भारी पुरावा म्हणजे सरदार बेरिक डोंडॅरियन. तो पहिल्यांदा मरतो ती ममर्स फोर्डची लढाई, पहिल्याच पुस्तकात पुढे मारला जाणारा नेड स्टार्क तेव्हा जिवंत आहे, आणि पुजारी थोरोस, ज्याचा स्वतःच्या देवावर धड विश्वास राहिला नव्हता आणि जो दिवसरात्र दारू पीत होता, तो फक्त एक रीत म्हणून मेलेल्या मित्राच्या तोंडात फुंकर घालतो आणि मित्र डोळे उघडतो. ड्रॅगनची अंडी तेव्हा अजून दगडच होती!

म्हणजे जादू आधी आली आणि ड्रॅगन नंतर. आपल्याकडे मृगाच्या आधी पावशा ओरडतो, पेर्ते व्हा पेर्ते व्हा, म्हणून पाऊस येतो असं कोणी शेतकरी म्हणत नाही, पाऊस जवळ आला म्हणून पावशा ओरडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ड्रॅगन हे त्या जगातलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं पाखरू आहे, आवाज मोठा म्हणून सगळ्यांना वाटतं तेच कारण.

मग कारण काय? ऋतू. माझी थिअरी अशी आहे की त्या जगात जादू आणि ऋतू या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत, जादूलाच भरती-ओहोटी आहे आणि ऋतूंचं बिघडलेलं चक्र हे तिचंच दुसरं रूप आहे. बघा, दुसऱ्या पुस्तकाच्या प्रोलॉगमध्ये ड्रॅगनस्टोन बेटावर पांढरा कावळा येतो, उन्हाळा संपल्याची बातमी घेऊन. दहा वर्षं चाललेला उन्हाळा, हयात असलेल्या कोणालाही आठवत नाही इतका लांब. सिटाडेलवाले सगळीकडची मोजमापं गोळा करून, बैठक घेऊन, मग कावळे सोडतात, म्हणजे ऋतू त्याच्या बऱ्याच आधी पालटलेला असणार. आता ही तारीख डोक्यात ठेवून ड्रोगोची चिता पेटल्याची तारीख बघा, लाल धूमकेतू त्याच रात्री दिसायला लागलाय. सगळं एकाच वळणावर येऊन थांबतं.

आणि याने एक जुना गुंता पण सुटतो, तो म्हणजे टार्गेरियन लोकांना इतकी वर्षं अंडी का उबवता आली नाहीत. शेवटचा ड्रॅगन तिसऱ्या एगॉन राजाच्या काळात, त्या जगाच्या सनानुसार 153 साली, मेला, त्यानंतर त्या घराण्याने काय नाही केलं, जादूगार बोलावले, प्रार्थना केल्या, एक तर वाइल्डफायर पिऊन मेला, आणि 259 साली समरहॉलला पाचव्या एगॉनने सगळं पणाला लावलं, त्या आगीत राजा गेला, राजपुत्र गेला, ड्रॅगन काही आला नाही. आग होती, रक्त होतं, राजाचं रक्त होतं. मग डेनेरिसच्या चितेत असं काय वेगळं होतं? माझ्या मते वेळ. साधारण चाळीस वर्षांनी तीच कृती लागू पडली कारण तोवर भरती सुरू झाली होती.

इथे मित्राने चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, ड्रॅगन आपसातल्या युद्धात मेले, 129 ते 131 च्या डान्स ऑफ द ड्रॅगन्स नावाच्या यादवीत, थोडेच उरले, थोडे उरले म्हणून जादू कमी पडली, आणि जादू कमी पडली म्हणून पुढची पिल्लं कुत्र्याएवढ्या कवटीची झाली, झालं, तुझ्या ऋतूची गरजच काय. मी यावर पूर्ण एक दिवस विचार करत होतो आणि मग मला व्हॅलिरियाच्या, म्हणजे टार्गेरियनांच्या मूळ देशाच्या, विनाशानंतरचा काळ आठवला. टार्गेरियन ड्रॅगनस्टोनला आले तेव्हा सोबत पाच ड्रॅगन होते, त्यातले चार मेले, मोठा असा एकटा बॅलेरियन उरला. जगात जवळपास एक ड्रॅगन! आणि तेव्हा तिथेच फुटलेल्या अंड्यांतून व्हेगार आणि मेराक्सिस निघाल्या, ज्यांनी पुढे जवळपास अख्खं वेस्टेरॉस जाळून ताब्यात घेतलं. संख्येवर जादू ठरत असती तर व्हेगार मांजरीएवढी राहायला पाहिजे होती. याचं उत्तर त्याच्याकडे अजून नाहीये.

ऋतूंवर लोकांनी सायन्स लावूनही बघितलंय आणि ते वाचायला मजा येते. 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या काही विद्यार्थ्यांनी पेपर टाकला की ग्रह दोन ताऱ्यांभोवती फिरत असेल तर ऋतू असे बेभरवशाचे होऊ शकतात. नंतर ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या डॅन लंट यांनी खरं क्लायमेट मॉडेल चालवलं, त्यात ग्रहाचा आस असा लटपटत फिरवला की एकच ऋतू वर्षानुवर्षं टिकून राहतो, आणि पेपर पुस्तकातल्या सॅमवेल टार्ली या पात्राच्या नावाने लिहिला. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांवर बऱ्यापैकी स्थिर राहतो त्यात चंद्राचा हात आहे, म्हणून कार्थची ती दोन चंद्रांची गोष्ट, एक चंद्र सूर्याजवळ जाऊन फुटला आणि त्यातून हजारो हजार ड्रॅगन निघाले, ती गोष्ट लोकांना इतकी आवडते, चंद्र फुटला, आस हलला, ऋतू बिघडले. छान बसतं. पण मार्टिनने स्वतः सांगितलंय की ऋतूंचं उत्तर विज्ञानातलं नसेल, फँटसीतलं असेल, त्यामुळे निव्वळ खगोलशास्त्रावर उभी असलेली थिअरी मला तरी पुरत नाही.

त्यापेक्षा 2014 च्या द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायरमधला एक छोटा परिच्छेद बघा, लोक तो पटकन वाचून पुढे जातात. सेप्टन बार्थ, म्हणजे त्या जगातला एक जुना पुजारी-विद्वान, म्हणतो की ऋतूंचा लहरीपणा हा जादूचा मामला आहे. आणि मेस्टर निकोल ताऱ्यांचा अभ्यास करून म्हणतो की कधीकाळी ऋतू नियमित असतील, सूर्याकडे पृथ्वीचं तोंड कसं आहे त्यावर ठरणारे, आपल्यासारखे. पुस्तक लिहिणारा मेस्टर हे उडवून लावतो, अर्थातच लावणार. पण विचार करा, त्या लोकांकडे 'वर्ष' आहे. माणसांची वयं वर्षांत मोजतात. उन्हाळा दहा वर्षं चालत असेल तर वर्ष मोजायची गरज कोणाला आणि कशावरून पडली? वर्ष ही जुन्या, नीट चालणाऱ्या जगाची उरलेली खूण आहे असं मला वाटतं, आणि मग नंतर कोणीतरी काहीतरी केलं ज्याने ते मोडलं.

काटोलला आमच्या मोठ्या काकांची संत्र्याची बाग आहे. उन्हाळ्यात तिकडे गेलो की मी रात्री अंगणात खाटेवर पडून त्यांना ही सगळी गोष्ट सांगत असतो आणि ते शांतपणे ऐकतात, ड्रॅगन वगैरे त्यांना काही विशेष वाटत नाही. पण दहा वर्षांच्या उन्हाळ्यावर ते उठूनच बसले. "अबे पण झाडाले कसं समजत असन बहार कवा धराचा ते? ताण कवा देतेत अन् तोडतेत कवा?" आंबिया बहाराला थंडीत पाणी तोडायचं, मृगाला मे महिन्यात, झाडाला ताण बसला की पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की फुलं येतात, आणि हे चुकलं की वर्ष गेलं. इतका साधा प्रश्न मी एकाही फॅनकडून ऐकला नव्हता. रीच या सुपीक प्रांतात दहा वर्षांत किती बहार येतात? हायगार्डनच्या बागा हिवाळ्यात मरतात का? पुस्तकात धान्य साठवणं आहे, स्टार्कांच्या विंटरफेल किल्ल्यातल्या गरम झऱ्यांवर चालणाऱ्या काचेच्या बागा आहेत, हिवाळ्यात भरणारं विंटर टाऊन आहे, जॉन भिंतीवरच्या कोठारातले साठे मोजतो आणि ब्राव्होसच्या बँकेकडून कर्ज मागतो, आणि उत्तरेच्या डोंगरातले म्हातारे घरातलं अन्न पुरावं म्हणून शिकारीला जातो सांगून बर्फात निघून जातात. माणसाचा हिवाळा मार्टिनने मनापासून उभा केलाय, त्या म्हाताऱ्यांवर मी प्रत्येक वेळी अडकतो. झाडांचा मात्र त्याने केला नाही. काकांचं मत असं पडलं की झाडं अजून जुन्याच हिशोबाने चालत असतील, दिवस लहानमोठा होतो त्यावर, आणि हे निकोलच्या थिअरीला इतकं चपखल बसतं की मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते लिहूनच काढलं.

मेस्टर लोकांनीच ड्रॅगन मारले ही थिअरी पण राहिली, सिटाडेलचाच मार्विन सॅमला तसं जवळपास तोंडावरच सांगतो. मला ती खरी वाटते, पण ती ड्रॅगनबद्दल आहे, जादूबद्दल नाही. सिटाडेल ड्रॅगन मारू शकतं, अदर्सना झोपवू शकत नाही.

आता थिअरी आहे तर तिची परीक्षा पण पाहिजे. अ डान्स विथ ड्रॅगन्स 2011 ला आलं, त्याच्या एपिलॉगला हिवाळ्याचा पांढरा कावळा किंग्ज लँडिंगला पोचला, म्हणजे पुढच्या पुस्तकात भरती पूर्ण चढलेली असणार. आमचं दोघांचं असं ठरलंय की बघायचं फक्त अंड्यांकडे. विंटरफेलच्या तळघरात व्हर्मॅक्स ड्रॅगनने अंडी घातल्याची दरबारी विदूषक मशरूमची ती गप आहेच, बाकी जगात कुठे कुठे अजून असतील. डेनेरिसपासून हजारो मैल लांब, तिचा हात न लागता, त्यातलं एक जरी अंडं हिवाळ्यात आपोआप तडकलं तर माझं खरं. आणि जे काही फुटेल ते फक्त तिच्या नाहीतर तिच्या ड्रॅगनच्या जवळपासच फुटलं, तर मित्राचं खरं, मग धरमपेठेत तर्री पोहे माझ्याकडून.