काल्पनिक रुग्ण आणि चार तारा

कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांना नेमका कोणता आजार होता, याचे तर्क लढवण्याचा छंद डॉक्टरमंडळींत फार दिवसांपासून आहे आणि डॉक्टर नसूनही तो मला जडलेला आहे. या रुग्णांची रक्त-लघवी तपासता येत नाही, निदान चुकले तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही, आणि मुख्य म्हणजे लेखकाने लिहिलेल्या चार ओळींपलीकडे पुरावा कधीच वाढणार नसतो. सारी रंगत या शेवटच्या अटीत आहे.

लेखकाची नजर तीक्ष्ण असेल तर त्या चार ओळी वैद्यकालाही पुरून उरतात. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ, लालबुंद चेहऱ्याचा नोकर पोरगा आहे, जो कोठेही आणि काहीही करताना झोपी जातो, एकदा तर तो वकिलाच्या दारावर सतत धडका देत राहतो, कारण ठोकणे थांबवले की त्याला उभ्या उभ्या झोप लागेल अशी मालकाला धास्ती असते. अतिलठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रुग्ण दिवसाही पेंगतो, या विकाराला १९५६ साली बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कादंबरीवरूनच ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. त्यांच्या लेखातला खराखुरा रुग्णही कादंबरीत शोभावा असाच होता: पोकरच्या डावात हाती तीन एक्के आणि दोन राजे आलेले असताना हा गृहस्थ झोपी गेला!

याच्या उलट उदाहरण ‘अ‍ॅलिस’मधल्या टोपीवाल्याचे. फेल्टच्या टोप्या बनवताना पाऱ्याचे क्षार वापरत आणि त्यामुळे कारागिरांना विषबाधा होई, हे खरेच आहे; म्हणून हा टोपीवालाही पाऱ्याचाच बळी, असे सर्रास सांगितले जाते. परंतु वॉल्ड्रन यांनी १९८३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लक्षणांवर बोट ठेवले. पाऱ्याची बाधा झालेला माणूस बुजरा होतो, परक्यांसमोर कावराबावरा होतो आणि लोकांच्या नजरेपासून दूर राहू पाहतो. हा टोपीवाला तर चहाच्या टेबलावर कोणाला बोलू देत नाही. व्यवसायावरून केलेले निदान रुग्णाकडे पाहताच कोसळले, ते असे. गोष्टीतल्या प्रत्येक प्राण्याला मनोविकाराचे लेबल चिकटवण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिच्यात मात्र मला फारसा रस वाटत नाही. स्वभाव आणि विकार यांतला फरक तिथे कोणी मोजत नाही.

या साऱ्या रुग्णांत माझा आवडता म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरोल’मधला टायनी टिम. १८४३ सालच्या या कथेत त्याच्याविषयी जे कळते ते थोडकेच आहे: हातात छोटी कुबडी, अवयवांना लोखंडी सांगाड्याचा आधार, वाळलेला हात, वडिलांच्या खांद्यावरून ये-जा. भविष्याच्या दृश्यात तो मरतो आणि त्याच्या बापाचा कंजूस मालक स्क्रूज याची मूठ सैल झाल्यावर जगतो. निदानाची खरी कसोटी इथे लागते, कारण बापाच्या आठवड्याला पंधरा शिलिंगांच्या मिळकतीत जीव घेणारा आणि पैसा येताच आटोक्यात येणारा, तोही त्या काळच्या औषधांनी, असा आजार शोधावा लागतो. डोनाल्ड लुइस यांनी १९९२ साली मूत्रपिंडाच्या एका विकाराकडे बोट दाखवले, ज्यात शरीरातले आम्ल पुरेसे बाहेर पडत नाही, हाडे ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते. त्यावर लागणारे क्षारयुक्त औषध त्या काळीही मिळत असे. रसेल चेस्नी यांनी २०१२ साली मुडदूस आणि क्षय अशी जोडी मांडली: धुराने कोंदलेल्या लंडनमध्ये ऊन कमी, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व कमी, आणि ते कमी म्हणून क्षयाशी झुंजण्याची ताकदही कमी. एकाच रोगाने सगळी लक्षणे उलगडावीत, हा नियम लुइस पाळतात. तरीही माझे मत चेस्नी यांच्या पारड्यात पडते, कारण गरिबाच्या घरी आजार सहसा एकटा येत नाही आणि स्क्रूजच्या पैशाने सर्वांत आधी सुधारले असेल ते जेवण.

याच टिमचे नाव पुढे हर्बर्ट खौरी या अमेरिकन गायकाने घेतले. सहा फुटांहून उंच असलेला हा माणूस कागदी पिशवीतून युकुलेले हे गिटारसारखे छोटे चार तारांचे वाद्य काढी आणि चिरक्या, उंच पट्टीत जुनी गाणी गाई. १९६८ साली तो अफाट गाजला. त्याने या वाद्याचे हसे केले असे पुष्कळांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण विसाव्या शतकाच्या आरंभीची शेकडो विसरलेली गाणी त्याला मनापासून प्रिय होती आणि त्या गाण्यांना हेच वाद्य शोभत होते.

ते का शोभते, याचे उत्तर त्याच्या उणिवांत आहे. पोर्तुगालच्या मदीरा बेटाहून निघालेले ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज १८७९ च्या ऑगस्टमध्ये हवाईतल्या होनोलुलूला पोचले. त्यातून आलेल्या सुतारांनी आपल्या बेटावरच्या माशेत या छोट्या वाद्यावरून हे नवे वाद्य घडवले आणि हवाईचा राजा कलाकाउआ याने त्याला आश्रय दिला. चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात, पण वादकाच्या हनुवटीकडची ‘जी’ सुराची तार सर्वांत खालच्या सुराची नसून सी आणि ई यांच्याही वर असते. त्यामुळे वरून खाली छेड मारली तरी सूर पायरीपायरीने चढत नाहीत. ते एका छोट्या जागेत दाटीवाटीने एकदम उमटतात. खर्ज मुळीच नाही आणि तार इतकी आखूड की छेडलेला सूर क्षणात विरतो. म्हणून हात थांबवता येत नाही, ताल धरूनच ठेवावा लागतो आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र कधी झाकला जात नाही. सी मेजर या स्वरमेळासाठी (कॉर्डसाठी) तर एकच बोट पुरते: ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवले की झाले.

डिकन्सच्या टिमकडे परत वळायचे तर त्याच्या केसपेपरवर एक नोंद राहून गेली आहे. जेवणानंतर तो बर्फात वाट चुकलेल्या मुलाचे गाणे गातो. आवाज बारीक आणि करुण, पण गाणे उत्तम, असे डिकन्स म्हणतो. फुप्फुसे पोखरली गेलेले मूल धाप न लागता आणि न खोकता आख्खे गाणे म्हणेल, हे अवघडच. तेव्हा चेस्नी यांचा क्षय मानायचा तर तो हाडांतला मानावा, असे मी सुचवीन. त्या वेळी होनोलुलूला ते जहाज पोचायला अजून छत्तीस वर्षे अवकाश होता, नाहीतर साथीला युकुलेलेच योग्य ठरले असते: वजनाला हलके, बसून वाजवण्याजोगे आणि तारांचा ताण इतका कमी की अशक्त बोटांनाही पडदा दाबता यावा. ई मेजर तेवढा त्याला शिकवू नये. चौथ्या पडद्यावर शेजारशेजारच्या तीन तारा एकदम दाबताना धडधाकट माणसाचीही बोटे एकमेकांत अडकतात.