सहाव्या उडीचा रकाना

प्लास्टर निघालं त्या रात्री

आज प्लास्टर काढलं. कापायच्या यंत्राची घरघर सुरू झाली आणि पोटात गोळा आला, विमानाचं दार उघडताना येतो तस्साच. आतून जो पाय निघाला तो माझा वाटेना. पोटरी पार वाळलेली, कातडीचे पापुद्रे निघालेले. घोटा वाकवायचा म्हटलं तर मेंदूतून निघालेला निरोप गुडघ्यापाशीच कुठेतरी हरवत होता. बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं होतं, पण जागेवरून सरकलं नव्हतं, म्हणून प्लेट आणि स्क्रू टळले. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. मग चष्म्यावरून बघत, "आता हे उद्योग बंद ना?" मी नुसती हसले. आई शेजारीच होती, ती हसली नाही.

सहा आठवडे लॉगबुक, म्हणजे माझ्या स्कायडायव्हिंगची, विमानातून पॅराशूट घेऊन मारलेल्या उड्यांची नोंदवही, उशाशी आहे. पाच उड्या नीट लिहिलेल्या, प्रत्येकीखाली प्रशिक्षक सरांची सही. सहावीला फक्त तारीख आणि उंची. शेऱ्याचा रकाना कोरा. पेन उचलते, ठेवते.

झोप येत नाही म्हणून

पहिल्या उडीआधी कशाकशाची भीती वाटतेय याची मी वहीत यादी केली होती. ती आज सापडली. पॅराशूट उघडलंच नाही तर. उघडलं पण दोऱ्यांना पीळ पडला तर. हँडल हाताला लागलं नाही तर. शुद्ध हरपली तर. दारातून पाऊलच निघालं नाही तर. अशा एकूण अकरा. जमिनीवर टेकताना काही होईल, हे त्या यादीत कुठेच नाही.

आणि त्यातल्या बहुतेक भित्यांवर कुणीतरी आधीच डोकं चालवून ठेवलेलं आहे. खांद्यांवरच्या त्या तीन-तीन कड्या बघा, पॅराशूटची साधनं घडवणाऱ्या बिल बूथची युक्ती. मोठ्या कडीत मधली, मधलीत छोटी, आणि अख्ख्या शरीराचा भार शेवटी एका दोरीच्या इवल्याशा फासावर येतो. पॅराशूट बिघडलं तर लाल हँडल ओढायचं, तेवढ्याने ते सुटून जातं. मग दुसरं हँडल, की राखीव पॅराशूट. आणि यातलं काहीच केलं नाही तरी पाठीवर एक छोटं यंत्र जागं असतं. 1991 मध्ये सायप्रेस नावाचं असं यंत्र आलं, तेव्हापासून या यंत्रांवर भरवसा ठेवता येऊ लागला. साधारण 750 फुटांवरही तुम्ही दगडासारखे कोसळत असाल, तर ते राखीव पॅराशूटच्या पिशवीचा फास कापून टाकतं. याच बूथचं एक म्हणणं या खेळात सगळ्यांना पाठ असतं: साधनं जितकी सुरक्षित होतील, तितका माणूस जास्त धोका घेईल. मी काही धोकाबिका घेतला नव्हता हो. जिथे कुठलंच साधन नाही, त्या जागेकडे मी बघितलंच नव्हतं.

पहिल्या उडीचं मात्र लिहून ठेवायला हवं, नंतर तिला फार गोड करून टाकेन. 13,000 फूट. दार सरकलं की आधी आवाज येतो, मग थंडी. दोन प्रशिक्षक, दोघांनीही माझ्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांना, घट्ट धरलेलं. पोटात खड्डा पडणार म्हणून मी श्वास धरून बसले होते, तो पडलाच नाही. विमानाबरोबर आपण आधीच वेगात पुढे जात असतो, त्यामुळे पाळण्यातून खाली येताना होतं तसं काही होत नाही. समोरून येणारा वारा हळूहळू खालून यायला लागतो, एवढंच. दहाएक सेकंदांत ताशी 190 किलोमीटरच्या आसपास वेग होतो आणि मग वाढायचा थांबतो. हे सगळं मी नंतर वाचून सांगतेय. प्रत्यक्षात पहिले चार-पाच सेकंद माझ्याकडे नाहीतच. व्हिडिओत दिसतं की माझं तोंड उघडं आहे, पाय मागे दुमडलेत आणि सर माझ्या नाकासमोर दोन बोटं धरून आहेत. दोन बोटं म्हणजे पाय लांब कर. जमिनीवर शंभर वेळा घोकलेलं. मी त्या बोटांकडे बघतेय आणि मला आठवतं ते इतकंच, की यांचे हातमोजे किती नवे आहेत.

दुसऱ्या उडीपासून डोक्याला काम मिळालं. क्षितिज, उंची दाखवणारा अल्टिमीटर, डावीकडचे सर, उजवीकडच्या मॅडम, पुन्हा क्षितिज. तिसरीत दोघांनी हात सोडले. पाऊण मिनिटाचा तर सगळा खेळ, 5,500 फुटांवर हात हलवून इशारा द्यायचा आणि ओढायचं. सरांनी एक साधी गोष्ट शिकवली होती, दारात उभी राहिलीस की श्वास सोड. घ्यायचा नाही, सोडायचा. घाबरलेला माणूस श्वास धरतो, श्वास धरला की अंग ताठ होतं, आणि ताठ अंग हवेत डगमगतं. भीती तेवढीच होती, पण श्वास सोडला की निदान अंगाची कमान तरी नीट जमायची.

पुन्हा रात्रच

बरं, सहावी.

प्रशिक्षणाच्या सहाव्या पायरीला कुणी धरत नाही, दारातून एकटीनं निघायचं. वर कोलांटी मारायची आणि पुन्हा पोटावर स्थिर व्हायचं. मी दोन मारल्या. आकाश, जमीन, आकाश, जमीन, आणि मग एकदम स्थिर. समोर सर अंगठा वर करून हसत होते. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पॅराशूट चोख उघडलं, मी वरच ओरडून गाणं म्हटलं. एकूण काय, माझ्या मते उडी तिथेच संपली होती.

संध्याकाळ झाली होती आणि वारा पडला होता. विंडसॉक, वारा दाखवणारी ती खांबावरची कापडी नळी, मेलेल्या माशासारखा लोंबत होता. मला ते वरून दिसलं, आणि त्याचा अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही. अर्थ असा: विद्यार्थ्यांचं मोठं, आळशी पॅराशूटसुद्धा हवेत ताशी तीसएक किलोमीटरनं पुढे सरकत असतं. समोरून वारा असला की त्यातला बराचसा वेग तो खातो आणि जमीन सावकाश येते. वारा नसला की जमीन खालून धावत सुटते. माझ्या आधीच्या पाचही उड्या वाऱ्यात झाल्या होत्या. या वेळी गवत इतक्या वेगानं येताना दिसलं की मी समोर बघायचं सोडून थेट खाली, पायांपाशी बघितलं. तिथे बघितलं की उंचीचा अंदाज संपलाच.

फ्लेअर म्हणजे उतरताना दोन्ही टॉगल, हातातल्या दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढणं. पॅराशूटची मागची कड खाली येते, पुढचा वेग उचलीत बदलतो, आणि क्षणभर तुम्ही जमिनीवर अलगद ठेवल्यासारखे होता. पण तो क्षण एकदाच मिळतो. मी तो पाच-सहा मीटरवर खर्च केला. त्यानंतरही काही बिघडलं नव्हतं. लवकर ओढलं तर हात तिथेच धरून ठेव, पाय जोड, लोळण घे, हे सरांनी इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांची नक्कल करून आम्ही हसायचो. मी घाबरून हात वर सोडले. पॅराशूटनं पुढे झेप घेतली, नाक खाली घातलं, आणि मी डावा पाय पुढे केला. अंधारात पायरी शोधतो ना, तसा.

आवाज ऐकू आला. तो कसा होता ते लिहीत नाही.

मला खरा राग लोळणीचा येतो. चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीची बाजू. पाच ठिकाणी मार वाटून घ्यायचा, म्हणजे एका हाडावर सगळा येत नाही. प्रशिक्षणात वीतभर उंच फळीवरून आम्ही ही लोळण घ्यायचो आणि मला ती लहान मुलांचा खेळ वाटायची. दारातून निघायचा सराव मी रात्री आरशासमोर करायचे. लोळणीचा एकदाही केला नाही. या खेळातल्या बऱ्याच दुखापती अगदी धडधाकट, पूर्ण उघडलेल्या पॅराशूटखाली होतात, हेही वर्गात सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं, सुवाच्य अक्षरात.

दुपारी, थोडक्यात

पडल्या पडल्या एक मजेदार गोष्ट वाचली. 28 एप्रिल 1919 ला लेस्ली अर्विन नावाच्या माणसानं विमानातून उडी मारली आणि दोरी स्वतः ओढून पॅराशूट उघडलं. तेव्हा पुष्कळ जाणकारांचं म्हणणं होतं की असं मोकळं पडताना माणसाची शुद्ध जाईल, त्याला दोरी ओढताच येणार नाही. अर्विनची शुद्ध गेली नाही, दोरी ओढली गेली, पॅराशूट उघडलं. आणि उतरताना त्याचा घोटा मोडला.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग त्याने पुढे काय केलं?" पॅराशूट बनवायची कंपनी काढली, म्हटलं. ती उठून आत गेली.

व्यायामाचे दिवस

सकाळी पायाच्या अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं गिरवायची. 'क्ष'ला घोटा रडतो. बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा. संध्याकाळ झाली की पाय सुजतो, मग उशीवर. फिजिओथेरपिस्ट बाई फार बोलत नाहीत, मोजतात फक्त. एका पायावर उभं राहा, डोळे मिटा. उजव्यावर तीस सेकंद. डाव्यावर चार. त्या म्हणाल्या, हाड जुळलं तरी सांध्याला आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं, ते त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

जिना उतरताना शेवटच्या पायरीवर मी अडते. बाकीच्या पायऱ्या ठीक, शेवटची आली की डावा पाय आपोआप पुढे होऊन जमीन चाचपतो. अगदी तीच हालचाल. वर उंचीवर असल्याची स्वप्नं मला पडत नाहीत. पायऱ्यांची पडतात.

नवव्या आठवड्यात बाईंनी वीस सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला. यावरून खाली उडी मारा, दोन्ही पायांवर. मी वर चढले आणि उभीच राहिले. शेजारी एक आजोबा खांद्याचे व्यायाम करत होते, त्यांचे दोन संच झाले, मी तिथेच. बाई मोबाईल बघत होत्या, मुद्दाम बघत असाव्यात. तोंड कोरडं, तळहात ओले, गुडघे कुलूप घातल्यासारखे. या अंगाला 13,000 फूट आणि वीस सेंटिमीटर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त खालची जमीन कळते. शेवटी मी श्वास सोडला, नजर समोरच्या खिडकीवर ठेवली, पाय जोडले. धप्प. दुखलं नाही. "आणखी नऊ," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर आईच्या नकळत गादी जमिनीवर टाकली आणि त्यावर लोळणीचा सराव सुरू केला. डावीकडे, उजवीकडे, मागे. दुसऱ्या दिवशी आई दारात उभी. थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "गुडघे सुटतायत तुझे."

पाच महिन्यांनी

तीस दिवसांहून जास्त खंड पडला की विद्यार्थ्याला पुन्हा जमिनीवरचे धडे घ्यावे लागतात. मला ते दोनदा घ्यायचे होते, न मागता कुणी दिले नसते म्हणून मागितले. पहिल्या दिवशी वारा विद्यार्थ्यांच्या मर्यादेबाहेर होता. सकाळपासून पाचपर्यंत बाकावर बसून विंडसॉक बघितला. पूर्वी असल्या दिवशी मी चिडायचे. त्या दिवशी सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि सुटका वाटल्याची लाज.

आज सकाळी उडी मिळाली. विमानात सरांनी विचारलं, "कशी आहेस?"

"घाबरलेय, सर."

"कुठे?"

घोट्याला हात लावून दाखवला. ते म्हणाले, "बरं. मग वर मजा कर, 1,000 फुटांवर कामाला लाग."

वरचं काही विशेष लिहिण्यासारखं नाही. नीट झालं. 1,000 फुटांवर विंडसॉक शोधला, हलका वारा होता. वाऱ्याबरोबर, मग आडवी, मग 300 फुटांवर वाऱ्यासमोर शेवटचं वळण. मोठ्यानं स्वतःला सांगत होते, समोर बघ, झाडांच्या रांगेकडे बघ. पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले. जमीन आली. खाली बघायचा मोह झाला, मानेत कळ यावी इतका. थांब, थांब, आता. दोन्ही हात खाली, आणि खालीच. अलगद आले. उभी राहू शकले असते, हे मला पाय टेकता टेकता कळलं होतं. तरी लोळले. चवडे, पोटरी, मांडी, सगळं रीतसर. तोंडात गवत गेलं.

सर चालत आले. "उभी का नाही राहिलीस? मस्त आली होतीस की."

"नव्हतं राहायचं."

पॅराशूट गोळा करून आत आणलं आणि लॉगबुक काढलं. सातव्या उडीच्या आधी सहावीचा कोरा रकाना भरला: 'वारा नाही. खाली बघितलं. फ्लेअर उंचावर. हात सोडले. पाय वेगळे.' सरांनी वाचलं, सही केली, मग थांबून म्हणाले, "कोलांट्या चांगल्या होत्या, त्या लिहिल्या नाहीस." मी त्याही लिहिल्या. जागा उरली नव्हती, कडेला उभ्या ओळीत लिहाव्या लागल्या.