दुखतं टाचेत, गाठ पोटरीत

धर्मपुरीच्या बंगल्यापाशी माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते, तेव्हा आळंदी सोडून दोन आठवडे होत आलेले असतात. पायाचे फोड तोवर फुटून सुकलेले असतात. नातेपुत्याच्या तळावर संध्याकाळी राहुट्यांपुढे जो तो पाय मांडीवर घेऊन बसतो, तो फोडासाठी नाही, टाचेसाठी. "माउली, टाचेत खिळा ठोकल्यागत होतंय," हे वाक्य आम्ही दिंडीसोबत चालताना आणि मुक्कामी पाय बघताना सगळ्यात जास्त ऐकतो. टाचेला मलम चोळून झालेलं असतं, गरम वीट झालेली असते, कुणी गोळीही घेतलेली असते. फरक नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

अशा वेळी टाच सोडून पोटरी चाचपावी. टाचेच्या तळापासून साधारण १४ सेंटिमीटर वर, म्हणजे आडव्या धरलेल्या आठ बोटांच्या जरा अलीकडे, मध्यरेषेच्या किंचित आतल्या अंगाला अंगठा दाबला की माणूस दचकतो आणि म्हणतो, "हेच, हेच टाचेत जातंय." ही सोलियस स्नायूतली गाठ. पोटरीचा जो फुगीर गोळा बाहेरून दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याच्याखाली दडलेला चपटा स्नायू म्हणजे सोलियस. उभं राहताना तोल धरणारा आणि पायातलं रक्त वर ढकलणारा तोच. चालताना तो राबतो आणि कीर्तनाला, समाजआरतीला, चहाच्या रांगेत उभं राहिलं तरी राबतोच. वारीत त्याला खरी सुटी झोपेतच.

गाठ म्हणजे काय, तर स्नायूतल्या काही तंतूंचा आखडून बसलेला पट्टा आणि त्यातला एक हळवा ठिपका. याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. कोणत्या स्नायूची कळ कुठे उमटते याचे तपशीलवार नकाशे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी केले. ट्रॅव्हेल बाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्याही डॉक्टर होत्या. आखडलेल्या जागी रक्त कमी पोचतं म्हणून पट्टा सुटत नाही, आणि मज्जारज्जूत संदेशांची सरमिसळ होऊन कळ दुसरीकडे जाणवते, असं स्पष्टीकरण दिलं जातं. एक्स-रेत यातलं काही दिसत नाही, आणि सगळे डॉक्टर ते मानतही नाहीत. वाद चालू आहे. तळावर बसून तो मिटवण्याची गरज नसते. दाबल्यावर ओळखीचीच कळ उठते की नाही, एवढी खूण पुरते.

सोडवायची रीत अशी. उताणं झोपायचं, एक गुडघा दुमडून उभा करायचा आणि दुसऱ्या पायाची पोटरी त्या गुडघ्यावर टेकवायची. पायाचं वजनच दाब देतं, हाताचे अंगठे दमत नाहीत. टाचेकडून वर सावकाश सरकत हळवा ठिपका शोधायचा, तिथे ३० ते ६० सेकंद थांबायचं, श्वास चालू ठेवायचा. दुखणं दहापैकी पाच-सहा इतपतच. दात-ओठ खावे लागले तर स्नायू उलट आवळतो आणि सकाळी निळा डाग दिसतो. असं दोन-तीन वेळा, दिवसातून दोनदा. तेल लावू नये. बोट घसरतं आणि ठिपका निसटतो. पोरांना पोटरीवर उभं करून पाय तुडवून घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. बरं वाटतं खरं, पण दाब भलतीकडेच पडतो.

मग ताण द्यायचा, आणि इथे बहुतेक जण चुकतात. गुडघा ताठ ठेवून पंजा ओढला की वरचा गॅस्ट्रोक्नेमियस ताणला जातो, कारण तो गुडघ्याच्याही वरून निघतो. सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो, म्हणून त्याच्यासाठी गुडघा थोडा वाकलेलाच हवा. खाली बोचकं ठेवा. सोलापुरी टॉवेल यासाठी झकास: चवड्याला गुंडाळायचा, दोन्ही टोकं धरून पंजा आपल्याकडे ओढायचा, ३० सेकंद, तीनदा. गाठ सोडवण्याआधी ताणलं तर दोरीची गाठ ओढून घट्ट केल्यासारखंच होतं.

पुरंदावड्याचं रिंगण झालं की उडीचा खेळ रंगतो, फुगड्या होतात. सगळं चवड्यांवर. त्या रात्री माळशिरसला कुणा ना कुणाच्या पोटरीत गोळा येतोच. गॅस्ट्रोक्नेमियसची गाठ आतल्या अंगाला, गुडघ्याच्या मागच्या घडीखाली असते. तिची कळ तळव्याच्या कमानीत उतरते. गोळा आला की पोटरी चोळत बसू नका, पंजा वर ओढा. झोपताना पांघरुणाच्या भाराने पंजे खाली झुकतात आणि स्नायू आखूडच राहतो, म्हणून पायाशी पिशवी ठेवून पंजे उभे राहतील असं बघा.

रस्त्याचंही ऐकावं लागतं. पालखी मार्ग आता रुंद आणि टणक झालाय, पण कडेला उतार आहेच. डाव्या कडेने चालणाऱ्याचा डावा पाय बाहेरच्या धारेवर टेकतो आणि नडगीच्या बाहेरचा पेरोनियस दिवसभर त्याला सावरतो. मग बाहेरच्या घोट्याभोवती दुखतं, आणि "पाय मुरगळला असेल" म्हणून क्रेप बँडेज बांधलं जातं. गाठ असते गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या टेंगळाखाली दोन-तीन बोटं सोडून. टेंगळाला लागूनच मात्र दाबू नका; तिथे संवेदना नेणारी नस हाडाला चिकटून वळते, मुंग्या आल्या तर लगेच हात काढा. उपाय सोपा: विसाव्यानंतर ओळीतली बाजू बदलून घ्यायची. विणेकऱ्याला अर्थातच ही मुभा नाही.

वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा होतो, म्हणजे सगळे वारकरी धावत सुटतात. उतारावर पाऊल आपटू नये म्हणून नडगीलगतचा पुढचा स्नायू लगाम धरतो. सैल चपला असतील तर त्या पडू नयेत म्हणून बोटं वर धरण्याचं कामही त्याच्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी दुखतो पायाचा अंगठा. लोक युरिक अ‍ॅसिडवर घसरतात. त्या दुखण्यात सांधा लाल, गरम असतो, धोतराचा स्पर्शही नको होतो. तसं नसेल तर नडगीच्या वरच्या तिसऱ्या भागात, हाडाच्या धारेच्या जरा बाहेर दाबून बघा. खुद्द तळव्यातल्या छोट्या स्नायूंसाठी पाण्याची भरलेली बाटली पायाखाली दोन मिनिटं फिरवली की पुरे.

आता हात कधी लावायचा नाही ते. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. चोळणं, शेकणं बंद, थेट आरोग्य केंद्र. दम लागत असेल तर रुग्णवाहिका. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्याच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला चीर असू शकते. अशा पायाने चालायचं नाही, ट्रकमध्ये बसायचं. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांनी बाटली, गरम वीट काही वापरू नये, भाजलेलंही कळत नाही. आणि उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन वेदनाशामक गोळ्या खात चालणं मूत्रपिंडाला महागात पडतं.

वाखरीहून पंढरपुरात पोचलं की चालणं संपतं, उभं राहणं सुरू होतं. दर्शनबारीत तासन्‌तास ताटकळताना सोलियस पुन्हा आखडतो. दर पंधरा मिनिटांनी दहा वेळा टाचा वर-खाली करायच्या, गुडघे जरा वाकवून उभं राहायचं, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा. परतीच्या एसटीतही हेच. पंजे लोंबकळू द्यायचे नाहीत. चवड्यांखाली पिशवी सरकवायची आणि गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं टाकायची.