चांदीला काय हवं असतं

माझ्या नव्या कादंबरीची नायिका एक म्हैस आहे. कपाळावर पांढरा चांद, म्हणून नाव चांदी. जात नागपुरी. शिंगं लांब, चपटी, मानेवरून मागे पार खांद्यापर्यंत गेलेली. नागपूरच्या कडेला, चहूबाजूंनी वस्तीनं वेढलेल्या एका गोठ्यात ती राहते आणि तिथे तशी ती एकटीच. बाकी सगळ्या मुऱ्हा. मूळच्या हरियाणाकडच्या, शिंगं गोल वळलेली, दुधाला भारी.

जात ठरली आणि निम्मं कथानक पुढ्यात आलं. नागपुरी म्हैस मुऱ्हाइतकं दूध देत नाही, पण विदर्भाच्या उन्हात, कुटार आणि कडब्यावर ती निभावून नेते. त्यामुळे मुलाच्या हिशेबाच्या वहीत चांदी रोज तोट्यात आणि बापाच्या लेखी तीच घरची लक्ष्मी. बापलेकांचं भांडण तिच्यावरून पेटतं, तिला त्याचा पत्ताही नसतो. जनावराचं पात्र लिहायचं तर स्वभाव आधी ठरवू नये असं मला यातूनच वाटायला लागलं. प्रेमळ, हट्टी, इमानी ही सगळी विशेषणं माणसांनी लावलेली. आधी शरीर ठरवावं.

चांदीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की तिला पाणी हवं, नाहीतर चिखल तरी हवा. अंगातली आग बाहेर काढायची तिची तीच मोठी वाट. कादंबरीत गोठ्याजवळच्या तळ्याला सुशोभीकरणासाठी कठडा घालतात. (तळं काल्पनिक आहे. नागपूरकर ओळखायला बसतील, म्हणून आधीच सांगते.) माणसांसाठी ती पेपरातली बातमी. चांदीसाठी ती मे महिन्यातली एक दुपार, नेहमीची वाट आणि वाटेत आडवं आलेलं लोखंड.

मग डोळे. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता थेट पाठीमागची अरुंद पट्टी सोडली तर जवळजवळ चहूकडचं दिसतं. खोलीचा अंदाज मात्र कमी. रस्त्यावर पडलेली खांबाची सावली तिला खड्डा वाटू शकते. ती थबकते, मागे ट्रकवाला हॉर्न दाबून बसतो, आणि लोक म्हणतात, म्हैस अडेल आहे. लाल रंगही गुरांना आपल्यासारखा दिसत नाही. म्हणून चांदीच्या प्रकरणांत लाल, केशरी हे शब्द येत नाहीत. नागपूरवर लिहायचं आणि संत्र्याचा रंग आणायचा नाही, हे मला जड गेलं, पण पाळलं. बाजारातून आलेल्या संत्र्याच्या सालींचा वास तिला भरभरून दिला.

ज्यांच्या गोठ्यात मी जाऊन बसते त्या गवळीकाकांनी मला सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगितली. "तोंडाकडे काय पाहून राहिल्या जी ताई? कान पाहा. कान मांगं गेले का समजा, तिचं मन लागून नाही राहिलं." तेव्हापासून चांदीची नाराजी, भीती, निवांतपणा सगळं मी कानांतून आणि शेपटीतून लिहिते. तिच्या डोळ्यांत पाणी आणलेलं नाही. ते आणलं की वाचक लगेच हळवा होतो आणि म्हैस पानावरून निघून जाते.

पान्ह्याचा प्रसंग लिहायला मला फार आवडलं. म्हशीचं बहुतेक सगळं दूध कासेच्या वरच्या भागात साठलेलं असतं. पारडानं ढुसण्या दिल्या, ओळखीचा हात फिरला, ढेपीची पाटी पुढे आली, की शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि दूध सडांत उतरतं. म्हैस घाबरली, बिथरली तर ते अडतं. गोठ्यात म्हणतात, पान्हा चोरला. काकांच्या भाषेत, "हात बदलला का थे दूध वर ओढून घेते." कादंबरीत म्हातारा आजारी पडतो आणि पहिल्यांदा मुलगा धार काढायला बसतो. चरवी रिकामी राहते. मुलगा चिडतो; आपल्याला नाकारलं असं त्याला वाटतं. चांदीच्या बाजूनं मी एवढंच लिहिलं: हात गार आहे, बोटं घाईत आहेत, खोकल्याचा आवाज नाही. म्हाताऱ्याचा खोकला रोज धारेच्या वेळी असायचा.

पैठणच्या रेड्यानं वेद म्हटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच कथेत आणखी एक गोष्ट सांगतात: आसूड रेड्याच्या पाठीवर ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. वेदांचं सगळ्यांना आठवतं. मला लिहिताना ते वळ आठवतात. रेड्याच्या तोंडी माणसाची विद्या घालणं हे त्या महायोग्याचं काम. त्याची पाठ आपल्या पाठीवर घेणं थोडंतरी जमावं, एवढ्यासाठी मी गोठ्यात जाते.

चांदीच्या प्रकरणांची भाषाही त्यामुळे वेगळी झाली. वाक्यं वर्तमानकाळात. 'कारण' हा शब्द कुठेच नाही, 'उद्या' नाही. आठवण मात्र आहे. वाट, आवाज, वास, मार, हे जनावर विसरत नाही. चांदीला हवं असतं पाणी, दावणीतली आपली जागा आणि तो एक हात. एवढ्या तीन गोष्टींवर अख्खी कादंबरी चालते, कारण माणसं एकेक करून त्या तिन्ही काढून घेतात.

कालक्रमही तिच्याच अंगावरून लावला. म्हैस साधारण १० महिने १० दिवसांनी विते. दिवाळीला गाभण राहिली तर गणपती शिरवायच्या दिवसांत व्यायला येते. सौदा मधल्या उन्हाळ्यात होतो, कारण गाभण म्हशीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. मुलानं पैसे मोजून घेतले, टेम्पो निघाला, इथवर लिहून झालं आहे.

आता शेवटचं प्रकरण चालू आहे. नव्या गोठ्यात, नव्या हाताखाली चांदी पान्हा सोडते की नाही, हे मला ठरवायचं आहे. काका म्हणतात, पारडू जवळ असलं तर सोडेल. म्हणून पारडू जगवलं आहे. वगार आहे, म्हणजे मादी. हल्या, म्हणजे नर, असता तर नव्या मालकानं त्याला पोटभर दूध पिऊ दिलं असतं याची खात्री नव्हती.