सुषिर

सातवीत असताना आंतरशालेय स्पर्धेत बासरीवादनात माझा पहिला क्रमांक आला. प्रमाणपत्र घेऊन मी धावतच संगीताच्या खोलीत गेलो. सरांनी ते वाचलं, पाठ थोपटली आणि 'सुशीर वाद्य' या छापील शब्दांवर बोट ठेवलं. मग कोपऱ्यातला छिद्रं न पाडलेला वेळूचा तुकडा उचलून माझ्या डोळ्याला लावला. "काय दिसतं?" पलीकडची खिडकी दिसत होती, खिडकीतून चिंच दिसत होती. "आरपार पोकळ. म्हणून सुषिर. पोटफोड्या ष, त्याला पहिली वेलांटी."

तत (तारांची), अवनद्ध (चामड्यानं मढवलेली), घन (टाळासारखी ठोस), सुषिर (फुंकेची) हे नाट्यशास्त्रातले वाद्यांचे चार वर्ग मी परीक्षेपुरते घोकले होते. त्यातला एक त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

आम्हा बासरीवाल्यांच्या वह्यांत 'षडज', 'निशाद', 'तिव्र मध्यम' सर्रास असायचे. 'द्रुत', म्हणजे जलद लय, तर निम्मा वर्ग 'दृत' लिहायचा. सर नुसती तांबडी रेघ मारत नसत, शब्द फोडून दाखवत. षट् अधिक ज, म्हणजे बाकीच्या सहा स्वरांना जन्म देणारा. संधीत ट्‌चा ड् होतो, म्हणून षड्ज. द्रु म्हणजे धावणं, वाहणं. द्रव आणि द्रुत ही एकाच धातूची भावंडं. हे कळल्यावर माझ्या हातून 'दृत' पुन्हा लिहिलं गेलं नाही.

आता दर रविवारी मी मुलांना बासरी शिकवतो. परवा एका मुलीच्या वहीत 'मंद सप्तक' दिसलं. ही चूक मला फार जवळची वाटते, कारण तिच्यामागे अनुभव आहे. खालच्या सप्तकात फुंक खरंच हलकी ठेवावी लागते. जोर केला की सूर वर उडी मारतो. मुलांना वाटतं, मंद फुंकेचं ते मंद सप्तक. पण खरा शब्द मंद्र, म्हणजे खोल, गंभीर. मंद्रात द्रुत लयही वाजते.

मी तिला सहाही छिद्रं बंद करून मंद्रातला पंचम लावायला सांगितला. दोनदा नुसती हवा गेली. तिसऱ्यांदा सूर लागला, तेव्हा बासरीचा वेळू तिच्या बोटांखाली थरथरला. तिनं वही ओढली आणि 'मंद'च्या द ला स्वतःच र जोडला.