लिफ्टने उतरलेले बूट

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ माझ्याकडून नेलेले बूट घेऊन दुकानात आले. बूट स्वच्छ धुतलेले होते, लेस काढून वेगळ्या गुंडाळलेल्या. मला वाटलं, परत करायला आलेत. काउंटरवर बूट ठेवून ते म्हणाले, "ताई, पैसे नकोत मला. माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा."

दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही. बूट लागला की चूक बुटाची असते, नाहीतर विकणाऱ्याची. म्हणून मी त्यांना बसायला सांगितलं, आणि तो सगळा दिवस त्या एका जोडीत गेला.

डोंगरी बूट बसवून देण्याचं काम मी बारा वर्षं करते आहे. माझ्याकडे ट्रेकर येतात, गिर्यारोहक येतात, सर्वेक्षणाला डोंगर पालथे घालणारे येतात, आणि परवाना काढून परदेशातल्या डोंगरांत शिकारीला जाणारेही येतात. मी स्वतः शिकार करत नाही, करावीशीही वाटत नाही. पण पायांच्या दृष्टीने शिकाऱ्याइतकं अवघड काम कोणाचंच नाही. ट्रेकर वाटेने चालतो. शिकारी वाट सोडून तासन्‌तास उतारावर आडवा चालतो, एक पाय वर, एक खाली. मग घामेजलेल्या पायांनी दुर्बीण लावून दोन-तीन तास गारठ्यात बसून राहतो. आणि शिकार झालीच, तर जाताना दहा-बारा किलोची असलेली सॅक येताना तीस किलोची होते. चढताना आणि उतरताना त्याचं वजन वेगळं, तोल वेगळा, पायाचा आकारसुद्धा वेगळा. बूट मात्र तोच.

म्हणून अशा कामासाठी बूट निवडताना मी आधी तो दोन्ही हातांत धरून ओलं फडकं पिळावं तसा पिळते. पिळला गेला तर बाजूला ठेवते. आडव्या उतारावर सोलची फक्त कड जमिनीत रुतते. बूट मऊ असेल तर ती कड दुमडते आणि सगळा भार घोट्यावर येतो. मग उंची बघते, आठ ते दहा इंच, म्हणजे घोटा धरला जातो आणि घसाऱ्यावर खडे आत शिरत नाहीत. चामडं अडीच-तीन मिलिमीटर जाड हवं आणि शिवणी कमीत कमी, कारण पाणी शिरतं ते शिवणीतून आणि बूट उसवतो तोही तिथेच.

लोक मात्र बूट हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करतात आणि सोलच्या खाचा बघतात. त्या खाचांमागे मोठी गोष्ट आहे. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक वादळात सापडून मरण पावले. खिळ्यांचे जड बूट कातळावर चालत नाहीत म्हणून त्यांच्या पायात चढाईचे हलके बूट होते, आणि बर्फात, थंडीत ते कुचकामी ठरले. त्या मोहिमेत असलेल्या व्हिताले ब्रामानी यांनी मग खोल खाचांचा रबरी सोल तयार केला आणि १९३७ मध्ये बाजारात आणला. त्याला आपण आज व्हायब्रम म्हणतो. मला त्या गोष्टीतली खाचांपेक्षा दुसरीच बाब आठवत राहते: त्यांचे बूट वर जाण्यासाठी योग्य होते.

हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते पाच महिन्यांपूर्वी. मीच त्यांना संध्याकाळी बोलावलं होतं, कारण दिवसभरात पाय फुगतात आणि डोंगरातही ते फुगलेलेच असणार. उभं करून, दोन्ही पायांवर भार देऊन माप घेतलं. डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब होता, म्हणून साईझ डाव्याची धरली. मी लांबी दोनदा घेते: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंत. ही दुसरी लांबी बहुतेक दुकानांत कोणी घेतच नाही, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पाय मोजायच्या ब्रॅनॉकच्या यंत्राला त्यासाठी सरकती खूण असते. ते यंत्र जवळजवळ शंभर वर्षांचं जुनं आहे, कित्येक दुकानांत कोपऱ्यात पडलेलं असतं. बूट जिथे वाकतो ती जागा आणि पाय जिथे वाकतो ती जागा एकच हवी. ती चुकली तर कडक बूट प्रत्येक पावलाला टाच उपसून काढतो, मग साईझ कितीही बरोबर असो.

त्यांच्या बाबतीत सगळं जुळलं. इनसोल बाहेर काढून त्यावर उभं केलं, पुढे अंगठ्याएवढी जागा उरली. लेस न बांधता पाय पुढे सरकवला, टाचेमागे दीड बोट गेलं. मग पाठीवर वीस किलो वाळूची सॅक देऊन उतरत्या फळीवरून चालवलं. तीन वेळा ते चढले, तीन वेळा उतरले, एक हात कठड्यावर ठेवून. "बोटं टेकतात?" "नाही." मी कागदावर बरोबरची खूण केली.

मग बूट मुरवायची चिठ्ठी लिहून दिली. ती मी प्रत्येकाला हातानेच लिहून देते, छापील कागद कोणी वाचत नाही. पहिले चार-पाच दिवस फक्त घरात, दोन-दोन तास. मग रस्त्यावर अर्धा तास, एक तास. डोंगरात घालणार तेच मोजे, पहिल्या दिवसापासून. लाल चट्टा दिसला की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची, फोडाची वाट बघायची नाही. बूट भिजवून पायात वाळवायचे नाहीत; जुने लोक अजून हा सल्ला देतात, आणि चिकटवलेल्या सोलचे, आतून जलरोधक अस्तर असलेले बूट त्याने खराब होतात. शेकोटीजवळ वाळवायचे नाहीत. आणि शेवटचे दोन महिने वजन घेऊन जिने.

हे सगळं त्यांनी केलं. इतक्या निष्ठेने करणारा माणूस मी बारा वर्षांत पाहिला नाही. त्यांनी वही आणली होती. तारीख, अंतर, वजन, कोणत्या पायाला काय वाटलं. अकरा आठवडे. चौथ्या आठवड्यापासून जिने होते: २२ मजले १० किलो, २२ मजले १५ किलो, दोनदा २२ मजले २० किलो. शेवटच्या पानावर २५ किलो, आणि पुढे "काही त्रास नाही".

डोंगरातले पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मोठा उतार लागला. बोटं बधिर होऊ लागली म्हणून त्यांनी पावलावरच्या लेस सैल केल्या. लेस सैल झाल्यावर टाच उचलायला लागली, पाऊल पुढे घसरायला लागलं. रात्री मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी, उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आयबेक्सवर, म्हणजे डोंगरी रानबोकडावर, गोळी झाडली. ती नेमक्या जागी न लागता मागे लागली. जनावर उठलं आणि घसाऱ्यावरून खाली गेलं.

"रक्ताचा माग दिसत होता," ते म्हणाले. "मी तीनशे मीटर उतरलो असेन. त्यापुढे पाऊल टाकता येईना. बरोबरचा वाटाड्या अंधार पडेपर्यंत एकटा शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेला. नाही मिळालं." थोडं थांबून म्हणाले, "जखमी जनावर मागे ठेवून आलो मी, ताई. तीस वर्षांत पहिल्यांदा."

शिकारीबद्दल माझं मत काही असो, त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

आमच्याकडे दुरुस्तीला मामा आहेत. चाळीस वर्षं त्यांच्या हातात आरी आहे, आणि बूट वाचणं त्यांच्याकडून शिकावं. मी पट्टीने मोजते, ते बोटाने. त्यांनी आधी बुटाची बाहेरची घडी बघितली. ती चवड्याच्या हाडावर बरोबर, तिरकी, एकच पडली होती. दोन-तीन विखुरलेल्या घड्या असत्या तर माप चुकलं असं म्हणता आलं असतं. मग इनसोल काढला. चवड्याखाली खोल, गुळगुळीत, काळपट ठसा. टाचेखाली तसाच. बोटांच्या टोकांकडे जवळजवळ कोरा, फक्त अंगठ्याच्या पुढे एक छोटा, खरबरीत डाग. मामांनी बुटात हात घातला आणि डोळे मिटून टाचेचं अस्तर चाचपलं. तिथे बोटभर रुंदीचा पट्टा उसकटला होता. बॅटरी लावून मलाही दाखवला. धागे वर आलेले, पांढरे, ताजे. अकरा आठवडे टाच हलली असती तर ते धागे घामाने दबून काळे झाले असते.

"हे चार दिवसांचं काम आहे," मामा म्हणाले. "ह्या बुटात त्याआधी कोणी उतरलंच नाही."

मी त्या गृहस्थांकडे वळले. "काका, एवढे जिने चढलात, खाली कसे यायचात?"

"लिफ्टने," ते म्हणाले. "गुडघा जुना आहे माझा. डॉक्टरांनी सांगितलंय, चढा, पण उतरताना जपा."

त्यांनी वहीतून माझी चिठ्ठी काढली. घडी घालून, जपून ठेवली होती. शेवटची ओळ माझ्या अक्षरात: "शेवटचे दोन महिने वजन घेऊन जिने चढा." एवढंच. चढ-उतार आपण एका दमात बोलतो, दोन शब्द वेगळे होतच नाहीत. लिहिताना मी एकच लिहिला. त्यांनी मात्र तो अक्षरशः पाळला.

चढताना पाऊल टाचेकडे दबतं, बोटं मोकळी असतात. उतरताना सगळं उलटं होतं, आणि पाठीवर वजन असेल तर पावलाची कमान पसरून पाय लांबतोही. फोडही बुटाने वरवर घासून येत नाही. कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला धरून बसतो, आत हाड मात्र पुढे-मागे होत राहतं, आणि त्या ओढाताणीत कातडीचे आतले थर सुटतात. अकरा आठवडे त्यांची टाच एका जागी बसलेली होती. तिला ओढाताण माहीतच नव्हती. लेस कुठे घट्ट आणि कुठे सैल हवी, हे कळायला उतार लागतो, आणि त्यांना पहिला उतार मिळाला तो डोंगरात, तिसऱ्या दिवशी.

मी त्यांना तेच बूट घालायला दिले, पाठीवर पंचवीस किलो दिले, आणि त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने लेस बांधायला सांगितल्या. खालपासून वरपर्यंत एकसारख्या करकचून. मग फळीवर नेलं. गुडघ्यासाठी मामा बाजूला उभे राहिले. "सरळ उतरा, काका. कठडा सोडा, बोटं समोर." मी खाली बसून बुटाच्या टोकावर हात ठेवला होता. पाचव्या पावलाला अंगठा आतून टेकला. तो धक्का मला चामड्यातून तळहातावर जाणवला.

मग मी लेस बांधल्या. टाच जमिनीवर आपटून मागे बसवली. पावलावर सैल, दोन बोटं जातील इतक्या. घोट्याच्या वाकणात लेसला लेसचा दुहेरी वेढा, म्हणजे खालचा सैलपणा वर आणि वरचा ताण खाली जात नाही. वरचे हुक घट्ट. दहा फेऱ्या. एकदाही अंगठा टेकला नाही.

म्हणजे बूट बरोबर होता. साईझ बरोबर, कलबूत, म्हणजे बूट ज्या साच्यावर बेततात तो, बरोबर, घडी बरोबर. खरं सांगायचं तर बूट चुकीचा निघाला असता तर आम्हा दोघांनाही सोपं गेलं असतं. ते फळीवरून खाली आले, सॅक उतरवली आणि बराच वेळ बुटांकडे बघत बसले. नंतर चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाले, "लिहा." मी "चढा"च्या पुढे "आणि उतरा" लिहिलं. त्यांनी ती परत वहीत ठेवली. माझ्यावर राग नव्हता त्यांचा. उलट, नीट समजावलंत म्हणून आभार मानून गेले.

दुकान बंद करताना फळी भिंतीला लावली आणि तेव्हा मला ते आठवलं. पाच महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ. कठड्यावर त्यांचा हात होता, आणि ते उतरत होते ते सरळ नव्हेच. अंग तिरकं करून, पावलं आडवी टाकत, दुखरा गुडघा सांभाळणारा माणूस उतरतो तसे. पाऊल आडवं पडलं की अंगठा पुढे सरकतच नाही. त्या दिवशी बोटं टेकली नाहीत ती त्यामुळे. मी तिथेच उभी होते, दोन हातांवर, आणि माझं लक्ष बुटावर होतं. गुडघा हा माझा विषय नाही असं कुठेतरी धरून चालले होते. एवढंच विचारायचं होतं, "काका, असे का उतरताय?"

त्यांचा फोन नंबर पावतीवर आहे. आठवडा झाला. मी अजून फोन केलेला नाही.